स्वस्त बंदूक आणि तिचा भरवसा

(नभोवाणीवरील भाषण)

हुबळीहून कारवारच्या वाटेने सुमारे तीस किलोमीटर गेले की कलघटगी लागते. या गावाची ख्याती पाळण्यांसाठी आहे. सागवानी लाकडाचे, लाल-पिवळ्या रंगांनी चितारलेले, देवादिकांच्या कथांनी चारी बाजू भरलेले कलघटगीचे पाळणे दूरदूरच्या घरांतून बारशाला येतात. परंतु या तालुक्यातील रानाकडेच्या वस्त्यांत पाळणा ज्या तुळईला टांगलेला असतो, तिच्याच शेजारच्या खुंटीवर पुष्कळदा आणखी एक वस्तू लटकत असते. ती म्हणजे बंदूक. पाळणा तीन पिढ्या टिकावा म्हणून लाकूड पारखून घेतले जाते. बंदूक मात्र बहुधा जी परवडली ती घेतलेली असते.

ती तेथे का असते, हे भूगोलच सांगतो. कलघटगीच्या पूर्वेस हुबळीची काळी जमीन आहे. पश्चिमेस व दक्षिणेस हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड या तालुक्यांची राने सुरू होतात. मैदान आणि मलनाड यांच्या नेमक्या सांध्यावर हा तालुका वसला आहे. ज्याच्या शेताचा बांध रानाला लागला, त्याचा मका दाणा भरू लागला, की रानडुकरांचा कळप रात्रीत निम्मे शेत आडवे करतो. तीच गत उसाची, भुईमुगाची आणि दुधात आलेल्या भाताची. कधी हत्तीही रान सोडून उतरतात. तेव्हा शेतकरी माळ्यावर रात्र काढतो. जवळ कंदील किंवा विजेरी, एखादा पत्र्याचा डबा आणि परवाना असेल तर बंदूक. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या डोंगरउतारावरील बागाईतदाराची रात्रही याहून निराळी नसते. तेथेही शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक हा घरातील एक परिचित जिन्नस आहे.

कायद्यानेही ही गरज ओळखली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी परवाना देण्याची तरतूद आहे; पण त्यात गृहीत धरलेली बंदूक ठासणीची आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसऱ्या प्रकारच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना पीकरक्षणासाठी मिळू शकतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारे हत्यार साधे व स्वस्त असावे, हे कायद्याच्या शब्दांतच अभिप्रेत आहे. तथापि हेही विसरता कामा नये, की बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमान्वये, उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावरालाही अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. आणि स्वसंरक्षणार्थ मारले गेलेले जनावर सरकारच्या मालकीचे होते. माळ्यावरील बंदुकीचे नित्याचे काम आवाज करून कळप परतवण्याचे आहे. म्हणूनच ती भारी असण्याची जरुरी नाही. ती भरवशाची असणे मात्र अत्यावश्यक आहे.

आता भरवसा म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे. बंदूक दोन प्रकारांनी दगा देते. हवी तेव्हा ती उडत नाही, आणि नको तेव्हा उडते. पहिल्या दग्याने पीक जाते. दुसऱ्याने माणूस जातो. बाजारात बंदूक घेताना गिऱ्हाईक सारे प्रश्न पहिल्या दग्याविषयी विचारतो. मारा किती लांब, आवाज किती मोठा, बार फुकट तर जात नाही ना? दुसऱ्या दग्याविषयी क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः स्वस्त बंदुकीची खरी पारख तेथेच करावयाची असते.

स्वस्त बंदूक म्हटली की ‘नळी फुटेल’ ही भीती प्रथम मनात येते. परवाना असलेल्या कारखान्यातून आलेल्या बंदुकीबाबत ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. बंदुकीच्या नळीची परीक्षा विक्रीपूर्वीच घेतली जाते. नेहमीच्या काडतुसाहून पुष्कळ अधिक दाबाचा बार तिच्यातून उडवितात आणि ती टिकली तरच तिच्यावर परीक्षेची खूण ठोकतात. लंडनमध्ये बंदूककारांच्या श्रेणीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये स्थापन झाले आणि बेल्जममधील लीएज येथे ही प्रथा सतराव्या शतकापासून चालू आहे. आजच्या युरोपीय मानाप्रमाणे बारा बोअरच्या साध्या काडतुसाचा दाब ७४० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सातशेतीस पट, चालतो. परीक्षेच्या बाराचा दाब ९३० बार असतो. भारतातही ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातून, तसेच बिहारमधील मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यांतून नागरिकांसाठी बारा बोअरच्या बंदुका तयार होत आल्या आहेत. मुंगेरची ही परंपरा अठराव्या शतकात मीर कासिमाने तेथे उभारलेल्या शस्त्रशाळेपर्यंत मागे नेतात. या बंदुकांच्या नळीवरील खूण हीच त्यांची खरी वंशावळ होय. कोरलेल्या नावाला तेवढी किंमत देऊ नये, कारण नाव कोणालाही कोरता येते. जिच्यावर ओळखीची खूण आणि क्रमांक नाही, अशी बंदूक विकणे वा घेणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि सुज्ञपणाच्या दृष्टीने तो जिवाशी खेळ आहे.

मग किंमत कमी होते ती कोठे? नळीत फारशी बचत करता येत नाही. ती केली जाते लहानसहान भागांत. घोड्याची कमान, केपेवर आघात करणारी पिन, रिकामे काडतूस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, बिजागरीची जुळणी आणि मागचे लाकूड, या पाच ठिकाणी ती असते. महाग बंदुकीत हे भाग उत्तम पोलादाचे, योग्य पाणी दिलेले आणि हाताने कानस मारून तंतोतंत बसविलेले असतात. स्वस्त बंदुकीत ते यंत्रातून जसे उतरले तसे बसवितात. तेव्हा स्वस्त बंदूक ही वाईट बंदूक नव्हे. ती अपुऱ्या हातकामाची बंदूक होय. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे तिचे दोष कोठे शोधावयाचे ते आपोआप समजते.

पहिला आणि सर्वांत सामान्य दोष पिनेचा. चाप ओढला, घोडा पडला, ‘खट्’ असा आवाज झाला, पण बार उडाला नाही, असे वारंवार होऊ लागले की लोक काडतुसाला दोष देतात. काडतुसाचे बूड पाहावे. केपेवर पडलेला खड्डा खोल, गोल आणि बरोबर मध्यभागी असला तर दोष काडतुसाचा. तो उथळ असला तर कमान थकली आहे किंवा पिनेचे टोक झिजले आहे; आणि तो एका बाजूला असला तर बंदूकच नीट मिटत नाही. मऊ पोलादाची पिन बोथट होते. अति कडक पाणी दिलेली पिन तुटते. रिकाम्या बंदुकीचा चाप पुनःपुन्हा ओढून पाहण्याची सवय अनेकांना असते. तिच्यापायीही चांगली पिन तडकते. चाप ओढून पाहणे अवश्य असेल, तेव्हा नळीत उडवलेल्या काडतुसाचे टरफल घालावे.

दुसरा दोष बिजागरीचा. काडतुसी बंदूक मध्ये मोडून उघडते आणि मिटल्यावर नळीचे मागचे तोंड पाठीमागच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटून बसावे लागते. प्रत्येक बाराचा धक्का याच सांध्यावर येतो. सांधा मऊ धातूचा असेल तर शेकडो बारांनंतर तेथे फट पडते. याची परीक्षा सोपी आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळीखालचे लाकूड काढावे, बंदूक मिटावी आणि कुंद्याला धरून हलकेच हलवावी. खडखड ऐकू आली की सांधा ढिला झाला. मिटलेली बंदूक उजेडासमोर धरली असता नळी आणि भिंत यांमधून प्रकाशाची रेघ दिसली, तर ती बंदूक दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. उडणाऱ्या काडतुसाचा जळता वायू त्या रेघेतून मागे येतो आणि त्या रेघेच्या मागे वापरणाऱ्याचा डोळा असतो.

तिसरा दोष दिसावयास सर्वांत क्षुल्लक आणि परिणामी सर्वांत भयंकर. चढविलेला घोडा एका बारीक खाचेत अडकून राहतो; चाप ओढला की त्या खाचेतील जीभ सुटते आणि घोडा पडतो. खाच आणि जीभ यांच्या स्पर्शाची जागा नखाच्या कडेएवढीही नसते. स्वस्त बंदुकीत ती मऊ पोलादाची असली तर झिजते, तिच्या कडा गोल होतात, आणि मग चाप ‘हलका’ लागू लागतो. मालकाला याचा आनंद वाटतो. बंदूक आता चांगली ‘बसली’ असे तो म्हणतो. वास्तविक ती आता नको तेव्हा उडण्याच्या मार्गाला लागलेली असते. माळ्यावर चढताना कुंदा पायरीवर आपटला, बैलगाडीच्या चाकाने हिसका दिला, बांधावरून उडी मारली, एवढेही कारण मग तिला पुरते. दुनळी बंदुकीत एका नळीच्या धक्क्याने दुसरी नळीही सुटून दोन्ही बार एकदम उडतात. सुरक्षा-खटका लावला होता, हा त्यावर बचाव नव्हे. बहुतेक साध्या बंदुकांत तो खटका केवळ चापाला अडवितो, घोड्याला नव्हे. झिजलेल्या खाचेतून निसटणाऱ्या घोड्याला चापाची गरजच नसते.

याची परीक्षा अशी. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहावे, नळीत टरफल घालावे, घोडा चढवावा आणि जमिनीवर घोंगडी पसरून तिच्यावर कुंदा मध्यम जोराने आपटावा. घोडा पडता कामा नये. नंतर खटका लावून चाप ओढावा, चाप सोडावा आणि मग खटका काढावा. त्या क्षणीही घोडा पडता कामा नये. या दोहोंपैकी एका परीक्षेत जरी बंदूक नापास झाली, तरी ती त्या दिवसापासून घरातील खुंटीवर भरलेली किंवा रिकामी, कशीही असू नये. ती थेट परवानाधारक कारागिराकडे जावी.

चौथा दोष एक्स्ट्रॅक्टरचा. बार उडाला, पण रिकामे काडतूस नळीतच अडकून बसले, ही तक्रार पावसाळ्यात फार ऐकू येते. जुनी कागदी काडतुसे दमट हवेने फुगत. आजची प्लॅस्टिकची काडतुसे फुगत नाहीत, पण त्यांच्या बुडाच्या कडा गंजतात आणि एक्स्ट्रॅक्टरचा दात त्या कडेवरून घसरतो. नळीचा मागचा भाग आतून नीट घासलेला नसेल, तर बाराच्या दाबाने काडतूस तेथील खडबडीतपणात रुतून बसते. अशा वेळी चाकूच्या टोकाने काडतूस उपसण्याचा मोह टाळावा. रिकामे म्हणून उपसलेले काडतूस न उडालेलेही असू शकते, आणि चाकूने पडलेला चरा पुढच्या प्रत्येक काडतुसाला धरून ठेवतो. नळीच्या तोंडातून लाकडी काठी घालून ते हळूच मागे सारावे, आणि तेही ते खरोखरच उडालेले आहे याची निश्चिती झाल्यावर.

पाचवा दोष लाकडाचा. ज्या गावात पाळण्याचे लाकूड इतक्या कसोशीने पारखले जाते, त्या गावात हे वेगळे सांगावयास नको, की लाकडाचे बळ त्याच्या रेषांत असते. बंदुकीच्या कुंद्याचा मुठीत धरण्याचा भाग सर्वांत बारीक असतो आणि साऱ्या धक्क्याचा मार्ग तेथूनच जातो. तेथे लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला धरून गेल्या पाहिजेत. त्या तिरप्या कापल्या गेल्या असल्या तर आज ना उद्या तेथे चीर पडते. नव्या बंदुकीत ही गोष्ट एका दृष्टिक्षेपात कळते; तथापि रोगणाच्या चकाकीत ती पाहावयाचे राहून जाते.

काडतुसी बंदुकीचे हे दोष झाले. ठासणीच्या बंदुकीचे स्वरूप साधे, म्हणून तिचे दोषही थोडे. पण ते क्षमा करणारे नाहीत. तिची दारू म्हणजे शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. ही दारू जळाल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने उरतो आणि ती राख हवेतील ओल शोषून घेते. बार उडवून बंदूक तशीच ठेवली तर पावसाळी हवेत एका रात्रीत नळी आतून गंजू लागते. तेल लावून ही राख जात नाही. ती गरम पाण्यानेच धुवावी लागते, मग नळी पूर्ण कोरडी करावी आणि नंतर तेलाचा हात द्यावा. केप ज्या पोकळ खुंटीवर बसते, ती खुंटी झिजली की वायू मागे फेकला जातो. घोड्याची अर्धी खाच झिजली की खांद्यावरून नेताना बंदूक उडते. परंतु ठासणीच्या बंदुकीचा सर्वांत मोठा शत्रू विसरभोळेपणा हा आहे. काल भरलेला बार आज पुन्हा भरला जातो, किंवा ठासणीचा गज नळीतच राहतो. यावर जुन्या माणसांचा तोडगा उत्तम होता. रिकाम्या नळीत गज सोडून तो तोंडाशी जेथे येतो तेथे गजावर एक खूण करावयाची, आणि भरल्यावर जेथे येतो तेथे दुसरी. भरण्यापूर्वी गज घालून पाहिला की नळी आपली हकीकत स्वतःच सांगते. आणखी एक गोष्ट. काडतुसातील बिनधुराची दारू काढून ठासणीच्या बंदुकीत कधीही भरू नये. तिचा दाब सोसण्यासाठी ती नळी घडविलेली नसते, आणि अशी नळी फुटते ती वापरणाऱ्याच्या हातात.

आता ज्याची ऐपत बेताची आहे आणि काडतुसी बंदुकीचा परवाना ज्याला मिळाला आहे, त्याने एकनळी घ्यावी की दुनळी? दुसरा बार हाताशी असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. समोर जनावर उलटले तर काडतूस बदलण्यास अवधी नसतो, हेही खरे. परंतु दुनळी बंदुकीत दोन नळ्या, दोन घोडे, दोन कमानी आणि दोन खाचा असतात, आणि दोन्ही नळ्या पट्टीने डाखून एका रेषेत आणाव्या लागतात. किंमत बेताची असेल तर तेवढेच हातकाम दुप्पट भागांत वाटले जाते. साध्या एकनळीत ते एका ठिकाणी एकवटते. यास्तव थोड्या पैशांत चांगली एकनळी मिळते. थोड्या पैशांत चांगली दुनळी मिळणे कठीण. ज्याला दुनळीच हवी, त्याने नळ्या लाकडापासून सोडवून, दोरीने लोंबत्या धरून, त्यांवर टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर डाख पक्का आहे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर पट्टी सुटली आहे.

तिसरा मार्ग जुन्या विलायती बंदुकीचा. इंग्रजी अमदानीत बर्मिंगहॅमच्या आणि लीएजच्या पुष्कळ बंदुका या देशात आल्या, आणि वारसाहक्काने वा विक्रीने त्यांपैकी काही आजही हातोहात फिरत आहेत. त्यांचे काम सुबक असते, यात शंका नाही. पण त्यांत दोन सापळे आहेत. कित्येक जुन्या नळ्या लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, जोडून केलेल्या आहेत. त्यांवरील नागमोडी नक्षी डोळ्यांना मोह घालते, पण त्या काळ्या दारूसाठी घडविलेल्या आहेत. दुसरा सापळा काडतुसाच्या लांबीचा. जुन्या बंदुकीतील काडतुसाची जागा अनेकदा ६५ मिलिमीटरची असते आणि आजची काडतुसे ७० मिलिमीटरची. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडून उघडल्यानंतरची असते. त्यामुळे न उडालेले ७० चे काडतूस ६५ च्या जागेत बिनतक्रार बसते आणि मालकाचे समाधान होते. पण बार होताच त्याचे तोंड उघडण्यास जागा अपुरी पडते आणि दाब भलताच चढतो. जे बसते ते चालते, हा न्याय बंदुकीला लागू नाही.

हाच न्याय आणखी एका अपघाताच्या मुळाशी आहे. ‘बारा बोअर’ याचा अर्थ, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरचे काडतूस त्याहून बारीक. ते चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले तर पुढे सरकून नळीच्या निमुळत्या भागात अडकते आणि वरून दिसत नाही. नळी रिकामी समजून मागून बाराचे काडतूस घातले जाते, आणि नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा याच कारणाने पडली. ज्या घरात दोन बोअरच्या बंदुका आहेत, तेथे काडतुसे निरनिराळ्या डब्यांत आणि निरनिराळ्या खोल्यांत असावीत.

नळ्या फुटतात त्यांतील पुष्कळशा अशा, नळीचा काही अपराध नसताना फुटतात. पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलेला चिंधीचा बोळा काढावयाचा राहतो. बांध ओलांडताना तोंड चिखलात टेकते. चार महिने कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. अडथळा एवढासा, पण छर्ऱ्यांचा लोंढा त्यावर आदळताच नळी तेथे फुगते किंवा चिरते. म्हणून प्रत्येक वेळी काडतूस घालण्यापूर्वी बंदूक उघडून नळीतून आभाळाकडे पाहावे. आत प्रकाशाची वर्तुळे अखंड दिसली पाहिजेत. एखादे काळे कडे दिसले तर नळी तेथे फुगलेली आहे. काळे ठिपके दिसले तर गंजाने खड्डे पाडले आहेत. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आल्यावर तर ही पाहणी अगत्याची आहे. कित्येक आठवडे ती कोणाच्याही तेलपाण्यावाचून राहिलेली असते.

तेलपाण्याविषयीही दोन शब्द अवश्य आहेत. घरात सहज सापडते म्हणून अनेकजण बंदुकीला खोबरेल लावतात. खोबरेल सुमारे चोवीस अंशांच्या खाली थिजते. कलघटगीकडील मार्गशीर्ष-पौषातील रात्री याहून कितीतरी थंड असतात. थिजलेल्या तेलात घोड्याची कमान जड होते, पिन सुस्तावते आणि ऐन वेळी ‘खट्’ आवाज होऊन बार राहतो. बंदुकीला पातळ खनिज तेल लावावे आणि तेही थोडे. पुष्कळ तेल ओतून बंदूक तोंड वर करून उभी केली, तर ते उतरून कुंद्याच्या लाकडात मुरते आणि सांध्याजवळचे लाकूड मऊ करते. म्हणून तेलानंतर काही काळ ती तोंड खाली करून ठेवावी. कातड्याच्या किंवा कापडाच्या गवसणीत पावसाळाभर बंदूक कोंडून ठेवणे म्हणजे गंजाला निमंत्रण देणे होय. काडतुसे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात असावीत आणि आधी आणलेली आधी वापरावीत.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर काय करावे? सर्वसाधारण मनुष्य ताबडतोब बंदूक उघडतो. हे घातक आहे. ओलसर केप कधी कधी काही क्षण धुमसते आणि मग पेट घेते. अशा वेळी नळी निर्धोक दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट शांत उभे राहावे, मगच बंदूक उघडावी. ठासणीच्या बंदुकीत याहून अधिक वेळ थांबावे. अंधारात, समोर पीक तुडवले जात असताना हे अर्धे मिनिट फार मोठे वाटते. पण त्या अर्ध्या मिनिटात फार तर चार कणसे जास्त जातील.

शेवटी दुरुस्तीचा प्रश्न. कमान तुटली की गावच्या लोहाराकडे, कुंदा चिरला की सुताराकडे जाण्याची रीत अगदी स्वाभाविक वाटते. ज्या गावचा सुतार असा पाळणा घडवतो, त्याला एक कुंदा बसविणे काय अवघड, असेही वाटते. परंतु शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे, आणि नळी कापून आखूड करण्यास सहाव्या कलमाने स्वतंत्र परवानगी लागते. यामागे केवळ बंधन घालण्याचा हेतू नाही. लोहार तापवून वाकवलेली कमान काही दिवस चालेल. पण त्याने कानसून ‘नीट’ केलेली खाच कोणत्या क्षणी सुटेल, हे तोही सांगू शकणार नाही. परवानाधारक कारागीर हुबळीसारख्या शहरात गाठावा लागतो, त्यात एक दिवस मोडतो आणि पैसे पडतात. स्वस्त बंदुकीची राहिलेली किंमत म्हणतात ती हीच. दुकानात जी रक्कम वाचली, तिच्यातील काही भाग अशा रीतीने बंदुकीला परत करावा लागतो. तो जो देतो, त्याची स्वस्त बंदूक महाग बंदुकीइतकीच वर्षे इमानाने काम करते. जो देत नाही, त्याच्याकडून ती तो अन्य मार्गाने वसूल करते.

पहाटे माळ्यावरून घरी परतणारा शेतकरी थकलेला असतो. बंदूक खुंटीवर टांगून पाठ टेकावी, एवढीच त्याची इच्छा असते. पण दारात पाऊल टाकण्यापूर्वी अंगणातच नळी बाहेर, मोकळ्या रानाकडे करून बंदूक उघडावी, काडतूस काढून खिशात घालावे, नळीतून उजाडलेल्या आभाळाकडे एकदा पाहावे, आणि मग ती कुलपात ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात. या सगळ्याला दोन मिनिटे पुरतात. आत तुळईला पाळणा टांगलेला आहे आणि त्यात कोणी निजलेले आहे, एवढे ध्यानात असले म्हणजे ती दोन मिनिटे कोणाला जड वाटणार नाहीत.